मोटरहोममधली सामान-मांडणी: पावणेनऊ हजारांत काय साधलं आणि काय टळलं

पार्श्वभूमी

दोघंही साठी ओलांडलेले, पुण्यात राहणारे. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. तेरा आसनी प्रवासी व्हॅनची आधीच्या मालकाने मोटरहोम करून घेतली होती, ती यांनी सेकंडहँड घेतली. आर.सी.वर मोटर कॅराव्हॅन अशीच नोंद असल्याने कागदांचा त्रास नव्हता. त्रास होता तो आतल्या फर्निचरचा.

गाडीची रचना अशी: मागच्या भागात उजव्या अंगाला लांबीत टाकलेला पलंग, त्याच्यासमोर डावीकडे टॉयलेट, पुढे ओटा आणि फ्रिज, ड्रायव्हरच्या मागे बैठक. दोन्ही बाजूंना छताला लागून लॉफ्ट. मागच्या दाराजवळ डाव्या कोपऱ्यात मोकळी जागा, तिथे जे कुठेच मावत नाही ते सगळं. पाण्याची टाकी 100 लिटरची, इन्व्हर्टर आणि बॅटरी बैठकीखाली, ओट्याखालच्या वेगळ्या कप्प्यात 5 किलोचा सिलिंडर.

ज्या सुताराने हे केलं त्याने ते फ्लॅटमधल्या वॉर्डरोबसारखं केलं होतं. सगळीकडे 18 मिलिमीटरचा प्लाय, वर सनमायका, दारांना घरातल्या कपाटाचे लोहचुंबकी कॅच. घरात हे काम पन्नास वर्षं टिकलं असतं. पण घर घाटात वळत नाही.

अडचण

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येताना आंबा घाटात एका वळणावर लॉफ्टचं दार उघडलं आणि पाच लिटरचा कुकर थेट खाली आला. काकू बैठकीवर होत्या, कुकर त्यांच्या पायाजवळ आदळला. कुणाला लागलं नाही, पण पुढचा सगळा घाट त्यांनी एका हाताने लॉफ्टचं दार धरून काढला. पुण्यात आल्यावर काकांनी मला बोलावलं. मी गाड्यांच्या बॉडीबिल्डिंगच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, एवढंच माझं नातं.

काकांचं मत पक्कं होतं. "अरे, जागाच कमी पडते. मागचा कोपरा रिकामा आहे, तिथं खालपासून वरपर्यंत कपाट मारू या. विषय संपला." काकूंची तक्रार वेगळी होती. पलंगाखाली भरपूर जागा होती, पण तिथलं काही काढायचं तर गादी उचला, प्लायचं झाकण उचला, एकाने ते धरा, दुसऱ्याने आत वाकून शोधा. त्यामुळे रोजच्या वस्तू पलंगाखाली जातच नव्हत्या. त्या लॉफ्टमध्ये जात. म्हणजे जड भांडी डोक्यावर आणि पांघरुणं पायाखाली, असा उलटा कारभार.

आणखी एक गोष्ट दोघांनीही तक्रार म्हणून सांगितली नाही, ती मला दिसली. सिलिंडरच्या कप्प्यात गारवा असतो म्हणून कांदे-बटाट्यांची जाळी तिथे ठेवली होती, आणि ती नेमकी तळाच्या जाळीच्या झरोक्यावर बसली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, खाली साचतो आणि त्या झरोक्यातूनच गाडीबाहेर पडतो. झरोका बंद म्हणजे गॅस आतच. कांदे-बटाटे त्याच मिनिटाला बाहेर काढले, बाकीच्या चर्चा नंतर.

समोरचे पर्याय

काकांनी आधीच एका फॅब्रिकेटरकडून आकडा आणला होता: मागच्या कोपऱ्यातलं कपाट आणि लॉफ्टची नवी दारं मिळून 68 हजार. दुसरा पर्याय त्यांच्या एका मित्राने सुचवला होता, टपावर कॅरिअर आणि त्यावर पेटी. तिसरा काकूंचा: हातानेच काहीतरी करू, दहा हजारांच्या वर जायचं नाही. चौथा पर्याय कुणाच्याच तोंडून आला नव्हता, तो म्हणजे सामान कमी करणं.

मी म्हटलं, "काका, कपाट करायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी गाडी काट्यावर घालू."

हायवेवर ट्रकसाठी वजनकाटे असतात, तिथल्या माणसाला मोटरहोमचं कौतुक वाटतं आणि तो जरा वेळही देतो. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. टाकी भरलेली, डिझेल फुल, दोघं आत बसलेले, म्हणजे प्रवासाला निघताना गाडी असते तशी. चिठ्ठीवर आलं: एकूण 3,460 किलो, पुढे 1,170, मागे 2,290. या गाडीची एकूण मर्यादा 3,500 आणि मागच्या अ‍ॅक्सलची, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाची, 2,300.

म्हणजे एकूण चाळीस किलो शिल्लक, आणि मागे जेमतेम दहा.

या चिठ्ठीने कपाटाचा विषय जवळजवळ मिटवला, पण काकांना हिशेब दाखवावा लागला. 18 मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट तेहेतीस-चौतीस किलोंची असते. कपाटाला दोन शीट लागणार होत्या. कापून वाया जाणारं सोडलं तरी रिकामं कपाट साठ किलोंचं. आणि ते बसणार मागच्या चाकांच्याही मागे. चाकांच्या पुढच्या आणि मागच्या जोडीतलं अंतर 3.3 मीटर, कपाट मागच्या अ‍ॅक्सलपासून साधारण 1.1 मीटर मागे. तरफेचा साधा नियम लावला की साठ किलोंचं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर ऐंशी किलो होऊन बसतं आणि पुढची चाकं वीस किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, आणि घाटातून उतरताना ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर. ती हलकी करून ठेवणं शहाणपणाचं नाही. एवढं सगळं कपाटात एक चमचाही न ठेवता.

टपावरच्या कॅरिअरवर फार वेळ घालवला नाही. एसीसकट गाडी नऊ फुटांच्या घरात आहे, कोकणातल्या वाडीच्या रस्त्यांवर आताच फांद्या घासतात. वजन वर गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलांत फरक पाडणारे बदल मनाने करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना चाप लावला आहे. टपावर कायमची पेटी बसवून पुढे इन्शुरन्सवाल्याशी वाद घालत बसायचं काकांच्याही जिवावर आलं.

मग ठरलं ते असं: आधी सामान कमी, मग मांडणी, आणि नव्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहून ठेवायचं. काकांनी त्यासाठी एक वही केली. बँकेतला माणूस, वही म्हटलं की त्यांना उत्साह येतो.

काय केलं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून गाडी पूर्ण रिकामी केली. तीन ढीग: रोज लागतं, कधीतरी लागतं, गेल्या मोठ्या प्रवासात हातही लागला नाही. तिसऱ्या ढिगात चौदा जणांची ताटं-वाट्या निघाल्या, "कुणी आलंच तर" म्हणून. इडलीपात्र, दुसरं पोळपाट, दोन जादा रजया, जॅकचा दुसरा संच. आणि मागच्या कोपऱ्यात, चादरीखाली, बदललेली जुनी इन्व्हर्टर बॅटरी. ती एकटीच पन्नासेक किलोंची. नवी बसवणाऱ्याने जुनी परत न घेता गाडीतच ठेवली होती आणि पुढे ती सगळे विसरले. पूर्ण ढीग साधारण नव्वद किलोंचा भरला. ताटं-वाट्यांवरून काकू बराच वेळ अडून बसल्या. शेवटी सहा ठेवायच्या, असा तह झाला.

पलंग हे या कामातलं सगळ्यात मोठं पाऊल. पलंगाच्या मधल्या वाटेकडच्या उभ्या प्लायला दोन झडपा पाडायच्या, म्हणजे गादी न उचलता बाजूने सामान ओढून घेता येईल. इथे घाई नडू शकली असती, कारण तो उभा प्लाय नुसता पडदा नाही, पलंगाचा भार त्याच्यावर आहे. म्हणून वरची तीन इंच पट्टी अखंड ठेवली, दोन झडपांच्या मधे चार इंचांचा खांब सोडला आणि आतून दीड इंची लाकडी पट्टी स्क्रूने जोडून वरची कड बळकट केली. कापण्याआधी झाकण उघडून आतून टॉर्चने पाहिलं. बरंच झालं, कारण पाण्याचा एक पाइप ठरवलेल्या रेषेच्या दोन बोटं खालून जात होता. झडप तेवढी वर सरकवली. कापायला ओळखीचा सुतार जिगसॉ घेऊन अर्धा दिवस आला, त्याचे 900 रुपये. कापलेले तुकडेच बिजागरीवर दारं म्हणून लागले.

आत भाजीवाले वापरतात ते प्लास्टिकचे क्रेट. त्यांचं ठरलेलं माप 600 बाय 400 मिलिमीटर, म्हणून झडपेचं माप क्रेटवरून काढलं, क्रेट झडपेवरून शोधले नाहीत. काकांनी आधी सुंदरशा वेताच्या टोपल्या पाहून ठेवल्या होत्या. त्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असल्याने चार ठेवल्या तर एकीची जागा फुकट जाते. सहा क्रेट, 2,100 रुपये. तळाला दोन पातळ लाकडी पट्ट्या रुळांसारख्या ठोकल्या, तोंडाशी पाऊण इंचाचा उंबरा. क्रेट किंचित उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. झडपेला कॅच नाही, साधा पितळी टॉवर बोल्ट. चुंबक धक्क्याने सुटतो, कडी सुटत नाही.

लॉफ्टच्या सगळ्या दारांनाही असेच छोटे बोल्ट लावले. वर आता फक्त कपडे, टॉवेल, पांघरुणं, तीही मऊ पिशव्यांत. समोर बाइकवर सामान बांधायची इलॅस्टिक जाळी ताणून लावली, म्हणजे बोल्ट लावायचा राहिलाच तरी पिशवी डोक्यावर येत नाही.

स्वयंपाकघरात काकूंचंच राज्य होतं आणि त्यांनी ते नीट चालवलं. गोल डबे चौकोनी खणात ठेवले की कोपऱ्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा वाया जाते. काकूंना गणित सांगावं लागलं नाही, त्यांनीच गणित शिकवलं आहे. तरी स्टीलचे डबे सोडायला त्या तयार नव्हत्या. चौकोनी प्लास्टिकच्या बरण्या आणल्या, पण मसाल्याचा डबा आणि चहा-साखरेचे डबे स्टीलचेच राहिले. कुकर आता खालच्या खणात, आणि तो रिकामा कधीच नसतो: पोहे, रवा, डाळ यांच्या पिशव्या त्याच्या पोटात. ताटांच्या मधे जुन्या साडीचे चौकोन घातले आणि अर्धी खडखड थांबली. तेलाच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांना जुने मोजे चढवले. लोणच्याचं तेल मोज्यात मुरतं, खणात नाही. खणांच्या तळाशी जाळीदार रबरी मॅट.

जीन्सच्या जुन्या पँट कापून काकूंनी खिशांचा एक लांब पट्टा शिवला, तो पलंगाच्या उशालगत भिंतीवर लावला: चष्मा, गोळ्या, चार्जर, टॉर्च. तो बसवतानाच एक पेच आला. काकांनी बाजारातून चिकटणारे हुक आणले होते. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान सहज पन्नास अंशांवर जातं. पार्किंगमध्येच दुसऱ्या दुपारी सगळे हुक पट्ट्यासकट खाली. मग छोटं लोहचुंबक भिंतीवर फिरवून आतली लोखंडी चौकट कुठे आहे ते शोधलं आणि तिथेच अर्ध्या इंचाचे स्क्रू मारले. लांब स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेला तर पावसाळ्यात पाणी आत येणार आणि पत्रा गंजणार, तेव्हा स्क्रूची लांबी मोजल्याशिवाय या भिंतींना हात लावायचा नाही.

पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मागच्या कोपऱ्यातून उचलून ओट्याच्या टोकाला, मागच्या चाकांच्या पुढे आणला आणि पट्ट्याने बांधला. बैठकीखाली इन्व्हर्टरच्या आजूबाजूला मोकळी जागा दिसत होती, काकांना तिथे चपला ठेवायच्या होत्या. ती मोकळीच ठेवली. ती हवा खेळण्यासाठी आहे. फ्रिजच्या मागच्या फटीचंही तेच.

निकाल

एकूण खर्च 8,680 रुपये, त्यात फुकट गेलेले हुक आणि काट्याचं भाडंही धरलं आहे. काकांच्या वहीप्रमाणे नव्या वस्तूंचं वजन चौदा किलो. पुन्हा त्याच काट्यावर, तशीच भरलेली गाडी: एकूण 3,385, पुढे 1,190, मागे 2,195. गाडी पंच्याहत्तर किलोंनी हलकी झाली, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मागचा आकडा. जिथे दहा किलो शिल्लक होते तिथे एकशे पाच झाले, आणि पुढची चाकं वीस किलोंनी जड झाली. काका म्हणतात वळणावर गाडी आता "हाताला लागते". त्यातला किती भाग चिठ्ठी पाहिल्याचा आणि किती चाकांचा, ते सांगता येणार नाही.

पुढच्या प्रवासात कुंभार्ली घाटातून चिपळूण, गुहागर, आणि किनाऱ्याने खाली. लॉफ्टमधून काहीही पडलं नाही. रात्रीचं पांघरूण काढायला आता एकच माणूस पुरतो. सिलिंडरच्या कप्प्यात सिलिंडरशिवाय काही नाही, आणि दारावर आतून काकूंनी मार्करने "इथे काही ठेवू नये" असं लिहिलं आहे. कुणासाठी ते उघड आहे.

सगळंच जमलं असं नाही. टॉयलेटमध्ये दोन भिंतींमधे दाबून बसणारी पडद्याची दांडी लावून तिच्यावर टॉवेल टाकायचा बेत होता; खराब रस्त्यावर भिंती इतक्या हलतात की ती तासाभरात खाली यायची. ती काढून टाकली. टॉयलेटच्या दारामागे चपलांच्या कप्प्यांचा कापडी पट्टा लावला, त्यात साबण-शाम्पू ठीक राहिलं. काकांनी त्यातच पाण्याच्या बाटल्या कोंबल्या तेव्हा दार बिजागरीवर लोंबायला लागलं. ओट्याखाली एक खण स्वस्त चॅनेलवर होता, आधीच्या मालकापासूनचा. गुहागरच्या खाऱ्या हवेत त्याचे छर्रे गंजून अडकले. तो खण काढून तिथेही क्रेटच सरकवला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

वजन आधी झालं असतं तर फॅब्रिकेटरकडे फेऱ्या मारण्याची गरजच पडली नसती. जुनी मोटरहोम विकत घेताना टायर आणि इंजिन सगळे बघतात, काट्यावर कुणी घालत नाही. इथे दोन-चार कमी-जास्त किलोंवरून कपाटाचा निर्णय फिरला नाही, पण दहा किलोंऐवजी दीडशे शिल्लक असते तर काकांचं म्हणणं मान्य करायला माझी हरकत नव्हती. पातळ प्लायचं, कमरेएवढं कपाट तिथे चाललं असतं.

क्रमाबद्दल माझं आणि काकूंचं आजही एकमत नाही. त्यांच्या मते आधी एक छोटा प्रवास करून मग सामानाचे ढीग करायला हवे होते, कारण पार्किंगमध्ये बसून "लागणार नाही" म्हणणं सोपं असतं. इडलीपात्र त्यांनी परत आणलं आहे. त्यांचा मुद्दा बरोबर आहे. फक्त बॅटरी आणि सिलिंडरच्या बाबतीत थांबून चाललं नसतं.

पलंगाच्या झडपा कापण्याआधी त्या जागी मास्किंग टेपने चौकटी आखून आठवडाभर वावरून बघायला हवं होतं. आता लक्षात येतं की मागची झडप टॉयलेटचं दार उघडं असताना उघडत नाही. किरकोळ आहे, पण दोन इंच पुढे सरकवली असती तर सुटलं असतं, आणि एकदा कापलेला प्लाय परत जोडता येत नाही.

एक प्रश्न सुटायचा बाकी आहे: घडीच्या दोन खुर्च्या आणि टेबल. पलंगाखाली जात नाहीत, लॉफ्टमध्ये ठेवायच्या नाहीत. सध्या प्रवासात त्या टॉयलेटमध्ये बांधलेल्या असतात, आणि वाटेत टॉयलेट लागलं की आधी फर्निचर बाहेर काढावं लागतं. काकांना त्या मागच्या दारावर आतून लटकवायच्या आहेत. तिन्ही मिळून अकरा किलो भरतात, पण दारावर म्हणजे पुन्हा सगळ्यात मागे, आणि दार जोरात आपटतं ते वेगळंच. त्याआधी दाराच्या बिजागऱ्या बघायच्या आहेत आणि त्या लटकवून गाडी परत एकदा काट्यावर घालायची आहे.